लताच्या फोनातलं बटण

…आणि वर मलाच सांगते, "आजी, सगळीकडे चालतं!" सगळीकडे म्हणजे नक्की कुठे गं? तुम्हाला सांगते, एकसष्टाव्या वर्षी व्हिडिओ बघून बघून सीएसएस शिकले मी, वेबपान कसं दिसावं ते लिहायची भाषा, कुठल्या क्लासची पायरी चढले नाही, आणि मुलुंडातल्या आमच्या ज्येष्ठ मंडळाचं डबे मागवायचं पान एकटीने उभं केलं! तर नात सई, अंधेरीच्या ऑफिसात हेच काम करते, रविवारी आली नि म्हणाली, "ई, अजून जुनंच लिहितेस? हे नवीन बघ. डब्यावर टिक केली की मगच बटण दिसणार, एका ओळीत. झकास! सगळीकडे चालतं."

हुरळले मी. खोटं कशाला बोलू? नवं म्हटलं की माझे हात शिवशिवतात… त्याच रात्री ती ओळ पानावर टाकली.

बुधवारी बागेत लता भेटली, एकटी राहते बिचारी. म्हटलं, "काय गं, दोन दिवस डबा नाही मागवलास? आवडत नाही का आता?" तर म्हणते, "बटणच दिसेना. वाटलं, बंद केलात. चहाबिस्किटं खाल्ली." दोन दिवस! आणि तक्रार? छे! फोन बिघडला तरी आपलंच काही चुकलं, असं वाटणारी आमची पिढी.

फोन बघितला तिचा. मुलाचा, श्यामकांतचा, जुना. आमच्या घरांत फोन असाच उतरतो ना… मुलगा नवा घेतो, त्याचा जुना आईकडे. अपडेट? जागा कुठाय, गुड मॉर्निंगची फुलं भरलीत! त्या फोनला नवी ओळ कळलीच नाही, बटण लपलं ते लपलंच. सईला फोन लावला, "सगळीकडे चालतं ना गं?" "आजी, शंभरात चार-पाच राहतात, इतकंच." अगं, ते चार-पाचच तर जेवतात माझ्याकडे! तुझे पंच्याण्णव कशाला येतील या पानावर?

बटण उघडं केलं त्याच दुपारी. चूक माझीच, सईची नाही. मी लताला विचारलंच नव्हतं. आता नवं काही आलं की आधी लताच्या फोनवर, तिथे चाललं तरच पानावर. नाहीतर थांबायचं. पण किती? शेवटी श्यामकांतलाच विचारलं, "बाबा रे, नवा फोन कधी घेतोयस?"

"कशाला काकू? मस्त चाललाय. अजून तीन वर्षं बघायला नको!"

तीन वर्षं! काय करणार… नवं शिकलेलं सगळं वहीत लिहून ठेवलंय, आणि त्याच्या हातून फोन कधी पडतोय, तडा जाण्यापुरताच, याची वाट बघतेय.