‘नाही’ म्हणणारा कंपायलर

भावोजी : ...म्हणजे आजही ‘नाही’च म्हणतोय ना? मग सोडा आता, वहिनी. मी जागा करायला घेतो. चार वाजता शाळेच्या बाई येणार, सगळी श्रवणयंत्रं आपल्या टेबलावर ओतणार आणि पुन्हा या दाराचं तोंड बघणार नाहीत.

वहिनी : भावोजी, ते कपाट ओढू नका. डोकं आधीच उठलंय.

भावोजी : स्वस्थ बसवत नाही हो. बाई फोनवर काय म्हणाल्या माहीत आहे? मुलांना आधी ओठ हलताना दिसतात आणि आवाज मागून येतो. एका मुलीने यंत्र काढून दप्तरात टाकलं. म्हणाली, यापेक्षा काहीच ऐकू न आलेलं बरं.

वहिनी : म्हणून तर सकाळपासून याला धरून बसलेय.

भावोजी : पण दादा म्हणतो, नव्या यंत्रांचा कंपायलरच मठ्ठ आहे.

वहिनी : मठ्ठ कसला? आपण लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. त्याआधी आपली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्याला विचारते, बाबा रे, आठ बेरजा एका दमात जमतात का? हो म्हणाला तर आवाज झटपट कानात. नाही म्हणाला तर एकेक बेरीज, रमतगमत. मघाशी मी स्वतः विचारलं, तर त्याने निमूट करून दिलं.

भावोजी : मग स्क्रिप्टलाच ‘नाही’ का? तिच्याशी त्याचं काय वाकडं?

वहिनी : तेच शोधतेय. ती त्याला चार ओळींचा नमुना देते. उतरला तर ‘हो’, अडला तर ‘नाही’. का अडला, ते न वाचता फेकून देते.

भावोजी : थोडक्यात, दादाच्या वळणावर गेलीय.

वहिनी : हळू बोला, दार उघडं आहे.

भावोजी : मी म्हणतो, विचारायचंच कशाला? सरळ ‘हो’ लिहून टाका.

वहिनी : शाळेत निम्मी यंत्रं जुनी आहेत. त्यांचा आवाज साधा, म्हणून एकेक बेरीज चालून जाते. पण त्यांच्या कंपायलरला आठचं काम खरंच येत नाही. त्याच्या तोंडी ‘हो’ घातलं की त्यांचं सगळंच ठप्प. विचारायला हवंच, पण नीट. थांबा, ते फेकलेलं उत्तर पडद्यावर आणते... हं. हे बघा.

भावोजी : मला त्यातलं काय कळतंय? मी खोकी बांधणारा माणूस.

वहिनी : तो म्हणतोय, बेरजा केल्या, पण उत्तर तुम्ही कुठे वापरलंच नाहीत. आपलं लक्षात आणून देतो.

भावोजी : यात ‘नाही’ कुठे आहे?

वहिनी : कुठेच नाही. ही नुसती वॉर्निंग. जुना कंपायलर अशा वेळी गप्प बसायचा, हा बोलून दाखवतो. आणि आपल्याकडे एक जरी वॉर्निंग आली, तरी काम नापास.

भावोजी : हे कुणी ठरवलं? ...अरे देवा.

वहिनी : त्यांनीच.

भावोजी : एका ग्राहकाच्या कानात शिट्टी वाजली होती, तेव्हाचा नियम. चौकट करून भिंतीवर लावलाय. खाली सहीसुद्धा आहे.

वहिनी : नियम चांगला आहे हो. खऱ्या प्रोग्रॅमला हवाच. पण साधी विचारपूस करतानाही तोच लागतोय. नमुन्यात उत्तर वापरून घेते आणि विचारपूस संपेपर्यंत नियम बाजूला ठेवते. फार काही नाही, दोन ओळी.

भावोजी : मग टाका की. दादाला सावकाश सांगू. किंवा नाहीच सांगितलं तर?

वहिनी : चोरून काढला, तर उद्या शिस्त म्हणून तेच परत लावतील. बोलवा त्यांना.

भावोजी : मी? मागे एकदा मी ‘जरा चुकतंय तुझं’ म्हणालो, तर महिनाभर आम्ही तुमच्यामार्फत बोलत होतो.

(दादा दारात. हातात शाळेचं एक नवं यंत्र.)

दादा : मी मघापासून इथेच आहे.

भावोजी : मी कपाटाबद्दल बोलत होतो.

दादा : कंपायलरला येत होतं म्हणजे?

वहिनी : पहिल्या दिवसापासून.

दादा : आणि मी बाईंना सांगितलं, कंपायलर मठ्ठ आहे, आमचा नाइलाज आहे.

वहिनी : अहो, मी नियम काढत नाहीये. फक्त...

दादा : ऐकलं. जुन्या यंत्रांचं उत्तर काय येईल?

वहिनी : ‘नाही’. पण खरंखुरं.

दादा : मग टाक त्या दोन ओळी.

भावोजी : वहिनी, ‘हो’ आलं. हे ‘हो’च आहे ना? मलाही वाचता येतंय.

दादा : प्रोग्रॅम यात भर. मी कानात घालतो. दुसऱ्या कानाला कापूस दे रे. आणि तू अशी समोर बस. बोल.

वहिनी : काय बोलू?

दादा : सकाळपासून जे तोंडाशी आलंय ते.

वहिनी : तुमचा नियम बरोबर होता. तुम्ही तो नको तिथे लावलात.

दादा : पुन्हा बोल.

वहिनी : ऐकू नाही आलं?

दादा : आलं. ओठांबरोबर आलं. पुन्हा बोल.