बारा वेळा पस्तीस

(अंधेरी पूर्वेला, आजारी माणसांना विमानाने नेणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस. सकाळचे अकरा.)

भाऊराव : …साल कशाला शोधत बसता कॉम्प्युटरात? आमच्या नातीचं, प्रांजलचं, बारसं झालं ते साल. दोन हजार चोवीस. फेब्रुवारीत बारसं झालं, मेमध्ये आमची प्रेमा गावी गेली आंबे उतरवायला, आणि एकवीस तारखेला तुमच्या विमानात बसली. बसली कसली, झोपवली.

यज्ञेश : सापडलं, काका. प्रेमा भाऊराव परब, वय चौसष्ट. मेंदूत रक्तस्राव, सिंधुदुर्ग ते मुंबई. मीच होतो डॉक्टर म्हणून. पण कागदांची नक्कल तर पोस्टाने पाठवली ना तुम्हाला?

भाऊराव : पाठवली. आठ महिन्यांनी. तीच घेऊन आलोय.

यज्ञेश : मग घरातलं कुणी शिकलेलं पाठवायचं ना. त्याला समजावलं असतं. तुम्ही कशाला दगदग केलीत?

भाऊराव : शिकलेला मुलगा आहे की. नितेश. मुलुंडला ऑफिसात होता. आता घरी बसून भिंत बघतो. तुमची-त्याची भेट झाली आहे. हॉस्पिटलच्या दारात.

यज्ञेश : काका, मला महिन्याला पन्नास नातेवाईक भेटतात.

भाऊराव : आठवण मी देतो. दोन वाजून पाच मिनिटांनी तो धावत आला. रस्ता तुंबला होता, पवईपाशी गाडी सोडून रिक्षा पकडली पोराने. तुम्ही आधी घड्याळ बघितलंत, मग त्याला बघितलंत. म्हणालात, "अर्धा तास आधी आला असतात तर ऑपरेशनच्या कागदावर सही तरी मिळाली असती." एवढंच. आणि चहा प्यायला गेलात.

यज्ञेश : दुःखात माणसं एकेक शब्द धरून बसतात.

भाऊराव : त्याने धरलाय. आठ महिने धरलाय. आई माझ्या सहीसाठी ताटकळून गेली, म्हणतो. बायको जेवायला वाढते, हा ताटावरून उठतो. पोरीला उचलून घेत नाही. परवा शीतल, माझी सून, मला म्हणाली, बाबा, मला ह्यांना एकटं सोडून भाजीला जायची भीती वाटते.

यज्ञेश : हे वाईट आहे. त्याला मानसोपचाराची गरज आहे, एक नाव लिहून देतो. पण आम्ही पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात दिला. मृत्यू दुपारी एक पन्नास, हॉस्पिटलमध्ये. दाखल्यावर आहे. पुढचं आमच्याकडे येत नाही.

भाऊराव : पुढचं नकोच मला. मागचं सांगा. ह्या रकान्यात काय लिहिलंय?

यज्ञेश : ते तांत्रिक आहे. तुम्हाला नाही कळायचं.

भाऊराव : म्हणून तर शिकलेल्या माणसाकडे आलो.

यज्ञेश : ऐका मग. आपण श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पेशंटच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी घातलेली असते. तिला एक छोटं यंत्र जोडतो. प्रत्येक श्वासाला पडद्यावर लाट उठते, बाजूला आकडा येतो. पस्तीस ते पंचेचाळीस म्हणजे उत्तम.

भाऊराव : आणि नळी सरकली तर?

यज्ञेश : लाट आडवी होते. दोन-चार श्वासांत कळतं.

भाऊराव : बोटाला चिमटा लावता, त्याने नाही कळत?

यज्ञेश : कळतं, पण उशिरा. अंगात ऑक्सिजन शिल्लक असतो ना. आणि विमानात इंजिनाचा आवाज इतका, की छातीला स्टेथोस्कोप लावून काही ऐकू येत नाही. म्हणून तर हे यंत्र. तुमच्या पत्नीचं बघा, पस्तीस. व्यवस्थित होतं सगळं.

भाऊराव : बघितलं. बारा ओळी आहेत. दर पाच मिनिटांनी एक. बारा वेळा पस्तीस.

यज्ञेश : म्हणजे पेशंट स्थिर होता.

भाऊराव : जिवंत माणूस होता, डॉक्टर. भिंतीतला खिळा नव्हता. मी आत्ता बसल्या जागी तीनदा वेगळा श्वास घेतला.

यज्ञेश : यंत्रावर श्वास सारखे दिले जातात. उगाच नाही तिथे—

भाऊराव : मी गिरणीत होतो. सांचेखात्यात, जिथे माग चालतात. तिथे हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर धागा तुटतो. भिंतीवर पारा असायचा, दर तासाला त्याचा आकडा वहीत लिहायचा. ते काम माझं. आणि मला अक्षर म्हणजे काय, आकडा म्हणजे काय, काही येत नव्हतं.

यज्ञेश : मग लिहायचात कसं?

भाऊराव : आधीच्या पाळीवाल्याने वर जो लिहिला असेल त्याच्याखाली तसाच काढायचा. चित्र काढल्यासारखा. पोट, शेपूट, सगळं हुबेहूब. एक दिवस पाण्याचे फवारे बंद पडले, सांच्यावर पटापट धागे तुटायला लागले, लोक बोंबलायला लागले, आणि माझ्या वहीत सगळं झकास. जॉबरने, आमच्या मुकादमाने, वही माझ्या तोंडावर मारली. म्हणाला, परब, आठ तास पारा हलला नाही? तू पाऱ्याकडे बघितलंस तरी का?

यज्ञेश : त्याचा इथे काय संबंध?

भाऊराव : वरचा आकडा खाली उतरवलेला रकाना मला अंधारात ओळखता येतो. आयुष्यात दुसरं काय लिहिलं मी? नाडी तुम्ही हलवलीत थोडी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, नव्वद. रक्तदाबही हलवलात. ह्या रकान्यापर्यंत येता येता कंटाळलात. मी निरक्षर होतो म्हणून करत होतो. तुमच्या नावापुढे एवढी अक्षरं आहेत, तुम्हाला काय झालं होतं?

यज्ञेश : तुम्ही माझ्यावर आरोप करताय, काका. जपून बोला.

भाऊराव : जपूनच बोलतोय. खाली दुसरी सही आहे. इरावती. तिला बोलवा.

यज्ञेश : ती कामात आहे.

इरावती : नाहीये कामात. दार उघडं आहे सर, सगळं ऐकू येतंय बाहेर.

यज्ञेश : इरावती, तू आत नको येऊस.

इरावती : आले. नमस्कार, काका. तुमच्या मिसेसच्या वेळी मीच होते नर्स.

भाऊराव : यंत्र लावलं होतं का, पोरी?

इरावती : बॅगेत होतं. डब्यात. तपासणीला माणसं आली की बाहेर काढतो, पुसतो, परत ठेवतो.

यज्ञेश : तासाभराचं उड्डाण होतं. नळी त्या हॉस्पिटलमध्येच नीट बसवलेली होती, मी स्वतः बघितली होती. त्या यंत्राचा भोंगा सारखा वाजतो, पायलट वैतागतो—

भाऊराव : भोंगा वाजायलाच असतो. गिरणीचाही वाजायचा. तुमच्यासारखे झोपलेले असायचे ते उठायचे.

इरावती : विमानात चढवताना स्ट्रेचर तिरकं करावं लागतं, काका. तेव्हा सरकली असणार. मी म्हटलं, सर, लाट लावू या. सर म्हणाले, बोटाचा आकडा अठ्ठ्याण्णव आहे, बस गुपचूप.

यज्ञेश : हे तुला आज सुचतंय? कागदावर तुझी सही आहे. कंपनीला काय सांगशील?

इरावती : सांगेन, घाबरले होते. इथे बसून तुम्ही पक्का कागद लिहिलात, मी खाली सही केली. पण कच्चा माझ्याकडे आहे.

भाऊराव : कच्चा म्हणजे?

इरावती : विमानात हातात कागद धरायला वेळ नसतो. आम्ही नर्स मांडीवर पांढरी चिकटपट्टी लावतो आणि पेनाने त्यावर वेळा लिहितो. खाली उतरलं की पट्टी फेकायची. ही मी डायरीत चिकटवून ठेवली. बघा.

भाऊराव : थांब, मी वाचतो. बारा… पंधरा. चढवलं. बारा पंचवीस, उडालं. बारा बत्तीस, बोट नव्वद. बारा पस्तीस, बोट सत्तर. बारा सदतीस, नळी बाहेर. बारा चाळीस. इथे अक्षर हललंय.

इरावती : "हृदय बंद." छाती दाबत होते मी, मध्येच लिहिलं. सरांनी नळी परत घातली. मुंबईत उतरेपर्यंत दाबत होतो आम्ही, हॉस्पिटलच्या दारापर्यंत. एकदाही परत सुरू झालं नाही, काका. तिथे आत नेऊन त्यांनी एक पन्नास लिहिलं.

भाऊराव : आणि हे बारा चाळीसनंतरचे पस्तीस? कुणाच्या श्वासाचे?

यज्ञेश : नळी कुणाचीही सरकू शकते. तुमची पत्नी तशीही वाचली असती याची खात्री नव्हती.

भाऊराव : असेल. तिला मी परत मागत नाही. माझा मुलगा परत मागतोय मी. तो तरी वाचेल. तुम्ही तुमचा डबा झाकायला एका पोराच्या गळ्यात आईचं मरण बांधलंत, आणि चहा प्यालात.

यज्ञेश : काय हवंय तुम्हाला? मी नितेशला फोन करून दिलगिरी व्यक्त करतो. मोघम. विषय संपवू.

भाऊराव : मोघम नको. सिस्टर, कागद घे. आठ पानांचा नाही, सोळा कलमांचा नाही, एकच ओळ. कोण, कधी, कुठे. आणि खाली तुझी सही.

यज्ञेश : इरावती, ह्या कागदानंतर तुला इथे काम राहणार नाही.

इरावती : माहीत आहे, सर. तारीख पण घालते.

यज्ञेश : …द्या इकडे. मीही सही करतो. दोन सह्या असल्या तर बरं दिसेल.

भाऊराव : तुमची नको. तुमची आहे माझ्याकडे, बारा वेळा पस्तीसच्या खाली. ती बघितल्यावर हिची खरी आहे हेसुद्धा कुणी मानायचं नाही.

इरावती : घ्या, काका. मोठ्या अक्षरात लिहिलंय.

भाऊराव : बारीक असतं तरी वाचलं असतं. गिरणी बंद पडल्यावर प्रेमाने पाटी आणली माझ्यासाठी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पस्तीसमधला तिनाचा आकडा महिनाभर उलटा काढायचो, तर हातावर फूटपट्टी मारायची. जरा तो फोन लावून दे गं. "नितेश" नावाने आहे.

इरावती : वाजतोय. घ्या.

भाऊराव : नितेश, मी बाबा. अंधेरीला आलोय, त्यांच्या ऑफिसात. नाही, भांडत नाहीये. ते समोरच बसलेत, पाणी पितायत. तू फोन ठेवू नको, भिंतीकडे बघितलंस तरी चालेल, फक्त ऐक. तू मुलुंडहून निघालास किती वाजता? एक वाजता ना? बरं. आता मी वाचतो ते ऐक, अडखळलो तर थांब. प्रेमा भाऊराव परब… एकवीस मे दोन हजार चोवीस रोजी… दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी… विमानात वारल्या.