वाजवून दाखवायचा शंख

माझं माहेर देवळ्याकडचं, कांद्याच्या शेतातलं, समुद्र मी अजून पाहिला नाय, आन् काय सांगू तुम्हाला, सगळा संसार चाललाय समुद्रातल्या गोगलगायीच्या घरावर. शंख म्हंजे गोगलगायीचं घरच की! लग्न होऊन पंचवटीत आले तवा मालकांनी सांगितलं, मला खोटंच वाटलं.

आमची शंखाची टपरी, घाटाकडं जाताना. शंख येतो तो मुका येतो बघा, त्याचं टोक कापून घासावं लागतं, तवा वाजतो. ते काम मालकांचं, आन् वाजवून दाखवायचं बी त्यांचंच, न ऐकता शंख कोण घेईल? मग त्या घासण्याच्या भुकटीनं म्हणा, कशानं म्हणा, त्यांना दमा लागला, दोन शब्द बोलले की थांबायचे, शंख कुठला वाजतोय. गिऱ्हाईक यायचं, कानाला लावून बघायचं, जायचं. मी म्हणले मी वाजवते. सासूबाई उसळल्या, बाईमाणसानं शंख फुंकू नये, पोटाला बाधतं, देवाला चालत नाय. मी म्हणले आत्या, टपरी बंद पडली तर ते चालंल का देवाला?

शिकले. नुसती हवा जायची फुस्स, ओठ सुजायचे, मालक शेजारी बसून सांगायचे, ओठ आवळ, गाल फुगवू नको, पोटातून दे. एकदाचा वाजला आन् मला रडूच आलं, खरं सांगते.

पण वाजवलेला शंख गिऱ्हाइकाला नको, बाईच्या तोंडचा उष्टा झाला म्हणे, देव्हाऱ्यात कसा ठेवू. लय राग आला. मालक वाजवायचे तवा नाय का व्हायचा उष्टा? पण रागावून टपरी चालत नाय. मग मालकांचा जुना शंख बाजूला काढला, तो माझा, विकायचा नाय. तो मी वाजवते, नवा गिऱ्हाइकाच्या हातात देते, म्हणते आता तुम्ही फुंका. त्यांचा कुठला वाजतोय! मग मी शिकवते, ओठ आवळा, गाल फुगवू नका. वाजला की माणूस असा हसतो, मग तो शंख काय परत ठेवत नाय. कापायचं बी मीच करते आता, तोंडाला फडकं बांधून, पाणी मारत मारत.

सासूबाई आता अंथरुणाला हायेत. घर टपरीच्या मागच्याच बोळात. परवा मला ताप होता, शंख जरा आखूड वाजला. घरी गेले तर जवळ बोलावलं, कपाळाला हात लावला, म्हणल्या, आज दम कमी पडला तुझा, उद्या बसू नको टपरीवर. मी म्हणले बसणार. तवा म्हणल्या, बस बाई, पण नीट वाजव, मला इथवर ऐकू आला पाहिजे.