शाबूत पुंगळीचा भाव

माझं माहेर नवेगाव बांधाच्या काठचं, आमी ढिवर लोक, बाप तलावात जाळं टाके आन् माय मासे घेऊन गावोगाव फिरे, शाळा मी दुसरीपर्यंत पाह्यली असन, मंग मायच्या मांगं टोपली घेऊन फिरली. लगन होऊन गोंदियाजवळ आली तं इथी ना तलाव ना जाळं. मालक राइस मिलमधी हमाली करत, मी जिथी मजुरी भेटन तिथी जात होती. तुमी इचारलं म्हनून मुळापासून सांगून राह्यली ताई, नाई तं माझ्या जिंदगानीत लिहाजोगं एकच आहे आन् ते चांगलं नाई.

टेकडीखाली पोलिसाईचं गोळ्या चालवाचं मैदान होतं, तिथी ठेकेदाराच्या हाताखाली आमी चार बाया. गवत कापाचं, आन् गोळ्या जाऊन रुततेत ती मातीची पाळ थोपून थोपून पुन्हा उभी कराची, मातीचंच काम, घर सारवल्यासारखं. गोळीबार चालू असला का आमी दूर मोहाखाली बसून राहो. झाला का गोळ्याईच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या जमिनीवर पडून राहेत, त्या मोजून पोत्यात भरत. जितक्या गोळ्या देल्ल्या तितक्या पुंगळ्या वापस पायजेत. एक कमी भरली तरी सारे शिपाई गुडघ्यावर बसून गवत चाचपत, आमाले हसू ये.

मोजाचं काम एका शिपायाकडे होतं, देवरीकडला, मी त्याले भाऊ म्हनो आन् तो मले मावशी. त्याचं नाव नाई सांगत. सरळ मानूस, बापा. दुपारी आमच्यापाशी येऊन बसे, मावशी चटनी कायची आहे म्हने, आन् माझ्याच डब्ब्यात हात घाले. जात नाई, पात नाई.

बाजारात एक भंगारवाला होता, त्याच्याकडे मी पाळीतून निंघालेल्या शिशाच्या चपट्या इकत होती, तेवढी ठेकेदाराची मुभा होती. तो एक दिवस हिंदीत म्हनते, बाई, पिस्तुल का बडावाला खोका लाओ, दबा हुआ नहीं, साबुत. खोका म्हंजे तीच रिकामी पुंगळी. मी म्हटलं काऊन? तं म्हने नवी गोळी लय महाग, परवान्याबिगर भेटत नाई, म्हनून लोक रिकामी पुंगळीच पुन्हा भरतेत. शिसं काय, कोठूनही आनून वितळवता येते, खरी किंमत त्या पितळेच्या खोळीची, आन् पिस्तूल जितकं मोठं तितका भाव जास्त. चपटी झाली तं किलोनं, शाबूत असली तं नगावर. कोन भरते, कोनावर चालवते, मी इचारलं नाई. इचाराले पायजे होतं.

आता तुमी म्हनान घरी उपास होता काय. नाई ताई, उपास नव्हता. खोटं कायले सांगू. मले कूलर पायजे होता. आमच्या इकडली मे महिन्याची गर्मी तुमाले मालूम आहे, शेजारनीच्या घरी कूलर आला, तिच्या दारात जाऊन उभी राह्यली का ती म्हने, बस न घटकाभर. त्या बस म्हनन्याची मले लाज वाटे. एक जुना कूलर पाहून ठेवला होता, तीनशे रुपये कमी पडत होते. तेवढ्यासाठी.

त्या दिवशी मोठ्या पिस्तुलाचा सराव होता. गवत उचलता उचलता मी सात पुंगळ्या उचलल्या आन् डब्ब्यात उरलेल्या भाताखाली दाबल्या. मोजनी झाली, सात कमी. गवत पाह्यलं, रेती चाळली, साहेब लाल झाला, म्हने सात पुंगळ्या पाखरं नेत नाईत, सर्वाईची झडती घ्या. भाऊ माझ्यापाशी आला. मावशी, चुकून टोपलीत तं नाई ना आल्या? मी म्हटलं, माझ्या पोराची शप्पत. पोराची शप्पत खाल्ली ताई मी. लेडीज पोलीस आली, पदर पाह्यला, टोपली झटकली, डब्ब्याचं झाकन उघडून भातात हात घालनार तं भाऊच आडवा आला. अन्नात हात नोका घालू मॅडम, मी रोज जेवतो ह्या डब्ब्यात. झाकन लावून त्यानंच माझ्या हातात देल्ला.

दुसऱ्या दिवशी मी वापस द्याले घेऊन गेली होती, खरं सांगते. पन तिथी जो तो बोलून राह्यला होता का भाऊनं पुंगळ्या जंगलवाल्याईले, नक्षल्याईले पोचवल्या. जंगलाचं नाव निंघालं का आमच्या जिल्ह्यात मानूस संपलाच. तशीच वापस आली आन् बाजारात जाऊन इकून टाकल्या. त्याच्यावर नाव आलं हे मालूम असून इकल्या. ह्याले काय म्हनाचं ते तुमीच म्हना, माझ्या तोंडून निंघत नाई.

चौकशी झाली. नोकरी वाचली त्याची, पन पगारवाढ थांबली, मांगचे पोट्टे हवालदार झाले आन् तो शिपाईच राह्यला. त्याच्या बापानं गावात चावडीवर बसनं सोडून देल्लं म्हनतेत. मी ते काम सोडलं, पन भाऊ बाजारात भेटे, मावशी म्हनून बोले. मालकाले सुदिक सांगतलं नाई.

आता परवा भाऊ घरी आला, पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. केस पांढरे झाले. माझ्या पाया पडला आन् म्हने, मावशी, तुमी आल्याच पायजे. मी हो म्हटलं. लग्नाआधी सांगू तं त्याच्या घरच्या कार्यात माती कालवल्यासारखं, आन् लग्नानंतर सांगू तं त्याच्या घरी जेवून सांगू काय? इतके वर्स त्याच्या डोळ्यात पाहून बोलली, तवा जीभ अडली नाई, आता अडते.

तुमी म्हटलं, लिहाच्या वक्ती नाव बदलून टाकू. नोको ताई. सगुना ढिवरीन म्हनूनच लिहा, गाव बी लिहा. तो शिकला आहे, वाचीन, आन् मंग दारात उभं करते का नाई ते त्याच्या मनावर. फक्त त्याचं नाव नोका घालू. त्याचं चौकशीच्या कागदावर एक डाव लिहून झालं आहे.