आमच्या दूध संस्थेला सल्ला विकायला आले

...आणि वर मला 'मॅडम' म्हणाला! पोटचा पोरगा, तुम्हाला सांगते, ज्याचं नाक मी पदराने पुसलं तो रविराज टाय लावून आमच्या महिला दूध संस्थेच्या हॉलमध्ये उभा राहतो, भिंतीवर रंगीत चित्रं पाडतो आणि म्हणतो, 'मॅडम, आमच्या अभ्यासात तुमच्या संकलनातली एक अडचण आढळली आहे.' आढळली कुठली? मागच्या रविवारी मीच नाही का फोनवर सांगितली, की फॅट बघायला एकच मशीन, बाया ताटकळतात आणि उन्हात दूध नासतं? तेच रंगवून मलाच विकायला आणलं. सल्ला काय विकत घ्यायची वस्तू आहे का हो? आमच्या कर्जत तालुक्यात तर कुणाला रस्ता विचारला, तरी मुलाचं लग्न कुठं करावं इथपर्यंत सल्ला मिळतो... फुकट!

बरं, त्याची पुण्यातली कंपनी साधीसुधी नव्हे. काचेची इमारत. कुठला कॉम्प्युटर घ्यावा, त्यावर काम कसं चालवावं, हे दुसऱ्यांना सांगायचं, एवढाच धंदा. इतकी वर्षं अमेरिकेतल्या बँकांना सांगत होते. आता तिकडच्यांनी हात आखडता घेतलाय, दहा पोरांचं काम एक मशीन करतंय म्हणे, आणि उरलेल्या कामावर झाडून सगळ्या कंपन्या तुटून पडल्यात. म्हणून मग लहान गिऱ्हाइकं शोधायची. अहो, अमेरिकेतल्या बँका संपल्या आणि थेट आमच्या म्हशी?

पण त्याने फोनवर हळूच सांगितलं, 'आई, हे काम मिळालं तर मी टिकेन. नाहीतर बेंचवर.' बेंच म्हणजे शाळेतल्या बाकासारखंच, काही दिवस नुसतं बसवून ठेवतात आणि मग घरी पाठवतात. आता माझी पंचाईत. कारण मी संस्थेची संचालक, मत माझंही होतं.

आणि स्पर्धेला कोण? पार्थ! आमच्या चेअरमन पुष्पाअक्का, त्यांचा भाचा. नगरला एका गाळ्यात टेबल टाकून बसलाय, तोही सल्लाच विकतो. टाय नाही, चित्रं नाहीत. आला, सगळ्या बायांच्या पाया पडला, 'मावशी, मावशी' करत बशीतून चहा प्यायला आणि म्हणाला, पुण्याची कंपनी सांगेल त्याच्या निम्म्यात करतो. काय करणार, ते मात्र त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. मी म्हणते, सल्ला काय विकत घ्यायची वस्तू आहे का, आणि असलीच तर ती अशी न बघता घ्यायची?

मतं घ्यायची वेळ आली. नात्यातल्या माणसाचा विषय असला की संचालकाने बाहेर बसायचं, असा आमचा नियम. मी उठले. दारातून वळून बघते, तर अक्का खुर्चीतून हललेल्या नाहीत. म्हटलं, 'अक्का, पार्थ तुमचा भाचा ना?'

'अगं, भाचाच हाय, पोटचा थोडाच हाय? तू बस निवांत, आमी बघतो.'

बसले. दुधाच्या कॅनशेजारी, निवांत! आत मतं सारखी पडली, मग चेअरमनचं जादा मत... गेलं भाच्याला. माझं एक मत, तुम्हाला सांगते, एक!

रविराज गाडीत बसताना म्हणाला, 'तू आत बसायला हवं होतंस.' मी म्हटलं, नियम होता रे. त्याने गाडी सुरू केली. मग बेंचवर बसला आणि दिवाळीनंतर बॅग घेऊन घरी आला. मला भाकरी गोड लागेना.

आणि तोवर पार्थचं काय झालं असेल? काम मिळालं, पण करायचं कसं ते ठाऊक नाही! गाळ्यात हा आणि त्याचा टेबलफॅन. शेवटी आमच्याच घरी फोन, 'दादा, अभ्यास तुमचाच आहे, तुम्हीच या ना.' गेला. आमचा रविराज काचेच्या इमारतीतून गाळ्यात गेला, पगार विचारू नका. आता आमच्याच संस्थेचं काम, तीच चित्रं, वर नाव पार्थचं.

परवा पोरगा वही घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, 'पहिला आठवडा अभ्यासाचा. गवळणींशी बोलायचं आहे, तुझ्यापासून सुरुवात करतो. तुला वेळ कधी आहे?'

काय करता... म्हटलं, पहाटे गोठ्यात ये, धार काढता काढता सांगते. येताना तेवढी पेंड भिजवून आण.