नको म्हणायचा तास

मी मैंदर्गीची. नाव गंगव्वा. जन्मले तवा अशी रडले म्हणं, की अक्कलकोटच्या बाजारातली बैलं दावी तोडून पळाली आन् विजापुराला जाऊन थांबली. आता ह्ये मी बघितलं न्हाय ताई, मी तवा लहान हुते, पर माझी आई कदी खोटं बोलली न्हाय. मी फकस्त बोलते, लिवणार तुमी. तुमाला जड वाटंल ते निम्मं सोडून द्या आन् ऱ्हायलेलं लिवा.

लगीन करून सोलापुरात आले. मालक गिरणीत. एकच लेकरू झालं, बसवा, आमी बस्या म्हणतो. काय सांगू तुमाला, रूप असं की दिष्ट काढून काढून गल्लीतल्या मिरच्या संपल्या. पर बोलणं धा-बारा शब्दांचं, अक्षर काय डोक्यात शिरंना. साळंतल्या गुरुजींनी हात जोडले, म्हणाले बाई, ह्याला घेऊन जा. ते बी मी सोसलं असतं. पर ह्याला एक खोड हुती, कुणी काय बी सांगितलं की करायचा. ऊठ म्हटलं ऊठ, बस म्हटलं बस. पोरं म्हणायची बस्या, गटारीत उडी मार, ह्यो मारायचा, वर येऊन हसायचा, पुन्ना मार म्हटलं की पुन्ना मारायचा.

एकदा मंद्रूपचा एक गाडीवान म्हणाला चल रं पैलवान, बस गाडीत. बसला की! आमी सगळं सोलापूर पालथं घातलं, विहिरीत गळ टाकून बघितलं. शेवटी मंद्रूपच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, एक मुका गडी अमक्याच्या मळ्यात दिसभर पाणी शेंदतोय. गेले. हाताची सालटी निगालेली, पुढ्यात शिळा तुकडा, आन् मला बघून हसतोय. त्या गाडीवानाला मी असं झोडपलं, असं झोडपलं, की त्यो अजून पाटावर बसत न्हाय, उभ्यानं जेवतोय. पर घरी येताना सारखं मनात येत हुतं, मी मेल्यावर ह्याला कुणी बी चल म्हणंल आन् ह्यो जाईल.

तवाच नरसू मास्तरांनी साळा काढली. तेलगू विणकराच्या घरातला माणूस, चुलत्याची मागाची शेड रिकामी पडलेली, तिथंच. जी लेकरं दुसऱ्या साळंनी परत धाडली तीच त्यांना पायजेत. मी मंद्रूपचं सांगून म्हटलं, मास्तर, मी पाणी भरते, भाकरी थापते, पर मला हितंच ऱ्हाऊ द्या, बस्यावर डोळा ठेवून. म्हणाले या की अक्का.

त्यांनी भिंतीवर खडूनं अभ्यासक्रम लिवला. गुंडी लावणे. भाकरी करणे. भोंगा झाल्यावर गिरणीची माणसं सुटली की गर्दीतनं रस्ता वलांडणे. चादरीची घडी घालणे. आन् सगळ्यात खाली, नको म्हणणे. मला वाचता येत न्हाय, त्यांनी वाचून दाखवलं तसा माझ्या हातातला भाकरीचा उंडाच पडला. म्हटलं अवो, ह्यासाठी दुसऱ्या साळंत मार देत्यात, तुमी शिकवताय? म्हणाले अक्का, बाराखडी आली न्हाय तरी तुमचा बस्या जगंल. ह्ये आलं न्हाय तर त्यो दुसऱ्याच्या विहिरीवरच मरंल.

दुपारी त्यो तास असायचा. मास्तर म्हणायचे माझं जोडं डोक्यावर घे, मीठ खा, गाढवाला मुका दे. आन् पोरांनी नको म्हणायचं. कानडी लेकरं म्हणायची ब्याड, तेलगू म्हणायची वद्दु, मोमिनाची पोरं नक्को. फातिमा म्हणून एक पोर, ऐकू यायचं न्हाय, बोलायची न्हाय, ती असा हात झटकायची की त्या वाऱ्यानं माझी चूल इजायची. सगळी शिकली. फकस्त माझा बस्या मास्तरांचं जोडं डोक्यावर घेऊन उभा! मास्तर हसून म्हणायचे, उद्या येईल. मी भाकरीवर असा हात मारायची की परात चेपली.

मग एक दिस टांग्यातनं दिपोटी आला, साळा तपासणारा साहेब. त्याची मंजुरी मिळाली तर साळा, न्हायतर शेडीला कुलूप. टोपी एवडी उंच की दारात वाकला तरी चौकट ठेचली. भिंत वाचत वाचत खाली आला आन् थांबला. हा काय विषय आहे, म्हणाला. मुलांनी आज्ञा पाळली पाहिजे. हे पुसा, नाहीतर मंजुरी नाही. मास्तरांचं तोंड पांढरं. दिपोटीनं सगळ्यात धिप्पाड पोर निवडलं, माझा बस्या. ऊठ. उठला. बस. बसला. कान धर. धरला. दिपोटी खूश, म्हणाला बघा, याला म्हणतात विद्यार्थी. ताई, माझ्या लेकराला पयल्यांदा कुणी शाबास म्हणत हुतं, आन् मला वाटलं दिपोटीच्या टोपीत ताक वतावं.

खुशीत येऊन दिपोटी म्हणाला, चल रे, बस माझ्या टांग्यात, बंगल्याच्या बागेला पाणी शेंदायला असाच गडी पाहिजे.

बस्या उठला. दाराकडं दोन पावलं गेला. मी हातातलं पीठ तसंच घेऊन उभी ऱ्हायले. त्यो थांबला, आपल्या हाताच्या तळव्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आन् म्हणाला, नको.

अवो, म्हणाला कसलं, गरजला! कौलं हलली, गिरणीचा भोंगा लाजून त्या दिशी वाजलाच न्हाय. आन् बाकीच्या पोरांना वाटलं तास सुरू झाला. वद्दु! ब्याड! नक्को! फातिमानं हात झटकला आन् दिपोटीची टोपी उडाली, ती म्हणं गावातल्या तळ्यात अजून तरंगतीया, बदकं तिच्यात अंडी घालत्यात. मी धावत जाऊन बस्याला मिठी मारली, त्याचं तोंड पिठानं पांढरं, माझं डोळ्यातल्या पाण्यानं वलं.

मग बस्याच्या सोलपटलेल्या तळव्याचे वण दिपोटीनं हातात घेऊन बघितले, मंद्रूपची हकिगत मास्तरांनी हळू सांगितली. दिपोटी भिंतीजवळ गेला, फडकं उचललं आन् पोरांना म्हणाला, काय रे, पुसू का?

नको!

एवडं मोठं नको म्या जन्मात ऐकलं न्हाय. दिपोटी पोट धरून हसला, फडकं टाकलं, आन् मंजुरी दिली.

आता बस्या चादरींच्या कारखान्यात घड्या घालतो. अशी घडी की इस्त्री बी शरमंल. पर नको लई झालंय बघा, अंघोळ नको, नवी बंडी नको, मी आजून एक भाकरी घे म्हटलं तरी नको. शेजारनी म्हणत्यात, गंगव्वा, पोरगं बिघडलं. मी म्हणते, बिघडू द्या की, जोरात बिघडू द्या. रातीला आता मला झोप लागती.

परवा मी इचारलं, बस्या, सून आणू का रं? माझी तयारी झाली हुती, आता म्हणंल नको. तर गप! अंगठ्यानं भुई उकरतोय आन् गालात हसतोय. तवा ताई, तुमच्या वळखीत कुणी पोरगी असली तर बघा. लंगडी असू दे, मुकी असू दे, माझं लेकरू तिला फुलासारखं ठेवंल. पर आदी तिला इचारा. आन् तिनं नको म्हटलं, तर तिला बी माझा आशीर्वाद सांगा.