कटकन मोडली पाह्यजे

माहेर माहं किन्हीराजाचं अन सासर हे, जऊळक्याच्या ठेसनाजोळ, माळ्याचं घर, पिढ्यान् पिढ्या भाजीपालाच. काय सांगू बाप्पा तुमाले, लग्न होऊन आली तवा एक भेंडी तोडाची तरी सासूले इचारा लागे.

भेंडी जाये अकोल्याले, रेल्वेनं. सासूचा कायदा असा का सकाऊनच माल तोडाचा, डाले भरून फलाटावर नेऊन ठेवाचे, मंग गाडी कवाबी येवो. गाडी लेट झाली का भेंडी उन्हानं सुकून जाये. तिकडं अडत्या डाल्याच्या बुडातून एक भेंडी काढे अन शेंडा मोडे. कटकन मोडली तर माल ताजा, वाकली तर डालं बाजूले. एक दिवस त्यानं निरोपच धाडला, आता एक खेप जरी वाकली तरी तुमचा माल बंद. अवं माय, घरची सारी भिस्त त्या भेंडीवर!

त्याच साली ठेसनावर फोन बसला. वाशीमहून गाडी सुटली का फोन ये अन पोर्टर घंटी वाजवे. आमचं वावर ठेसनाले लागूनच, घंटी सपष्ट आयकू ये. मी म्हनलं, घंटी झाल्यावर तोडू, चांगली तासाभराची सवड भेटते. सासू उसळली, म्हने, त्या डबड्याच्या भरवशावर माल झाडाले ठेवतं काय वं, गाडी गेली तर खाशीन काय? मी म्हनलं, गाडी गेली तर मले माहेरी धाडा. तवा कुठं थे एका खेपेले कबूल झाली.

त्या दिवशी साऱ्या गावाचा माल फलाटावर, अन आमी बाया वावरात रिकाम्या हातानं. ऊन चढून राह्यलं, लोक हासून राह्यले, सासू बांधावर बसून मले शिव्या देऊन राह्यली. अन झाली ना घंटी! मंग काय तोडली भेंडी आमी, डाले डोक्यावर अन धूम. मी डाल्यासंगच गाडीत बसली. अकोल्याले अडत्यानं बुडात हात घातला, एक भेंडी काढली. कटकन मोडली! त्यानं दुसरी मोडली, तिसरी मोडली. मी म्हनलं, दादा, आता सारं डालंच मोडसान काय?

तवापासून सारं गाव घंटीवरच तोडते. आता सासूले आयकू येत नाई, घंटी बी नाई अन कटकन बी नाई, पन बांधावर येऊन बसतेच. डालं भरलं का हात पुढं करते. मी बुडातली एक भेंडी तिच्या हातावर ठेवते. थे शेंडा मोडते, बोटाले समजते तिच्या. मंग म्हनते, जाय, ने.